लाल वायरीवरचं बटन

कारेगाव
गुरुवार, ९ सप्टेंबर २००४

आक्का,

पाया पडतो. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. नऊ वर्षांत माझं हे पहिलं पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण आधी प्रगतीला वाचू दे. अर्धं तिच्यासाठीच आहे.

तुझ्या लेकीनं मला कंपनीच्या पत्त्यावर पत्र टाकलं. गेटवरच्या वॉचमननं हातात दिलं तेव्हा वाटलं, आपल्या घरी निमोण्याला कुणाचं बरंवाईट झालं की काय. अक्षर ओळखीचं नव्हतं. तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती आठ वर्षांची होती, पाटीवर पेन्सिल ओढत होती. आता बारावी सायन्सला आहे म्हणते. वाचून मी गेटवरच उभा राहिलो, तर मागच्या माणसानं ढकललं.

ती लिहिते की तू पलीकडची खोली विटांची बांधून घेतलीस. तुमच्या यवतच्याच वायरमननं तिथं बोर्डही बसवला, तीन भोकांचा सॉकेट आहे. पण तिच्या कॉटजवळ भिंतीला दिवा लावायचं म्हटलं की तू उठून जातेस. पुढच्या खोलीतली ट्यूब तुझ्या सासूबाई लावतात आणि त्याच बंद करतात. तू बटनाला हात लावत नाहीस. स्वयंपाकघरात अजून रॉकेलची चिमणी आहे. ती असंही लिहिते, की तू एसटीच्या थांब्यावर पोचलेली परत फिरतेस, कडी घातली का ते बघायला. एकदा बघून भागत नाही, तीन-तीनदा. शेवटी तिनं मला विचारलंय, "मामा, आई आधीपासून अशीच होती का?"

त्याचं उत्तर मी आज देत नाही.

दिव्याचं मात्र सांगतो. प्रगती, हे नीट वाच.

भिंतीवरचा दिवा सॉकेटवर घ्यायचा तर वायर तीन तारांची घे. लाल, काळी आणि हिरवी. लाल म्हणजे फेज, वीज तिच्यातून येते. काळी न्यूट्रल, तिच्यातून परत जाते. हिरवी अर्थिंगची. एरवी हिरवीचं काही काम नसतं, पण दिव्याच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती जमिनीत घेऊन जाणारी तीच. म्हणून हिरवी तार दिव्याच्या पत्र्याला स्क्रूनं आवळायची. प्लगही तीन पिनांचा घ्यायचा. त्यावर एल, एन, ई अशी अक्षरं असतात, तिथंच लाल, काळी, हिरवी जायला पाहिजे. वरची जाड पिन अर्थिंगची. पत्र्याच्या ज्या भोकातून वायर आत जाते तिथं रबरी बुश, म्हणजे रबराचं कडं, बसवायचं. ते विसरायचं नाही. प्लगच्या आत वायरीवर पट्टी आवळायची असते, तीही आवळ. म्हणजे कुणी वायर ओढली तरी तारा सुटत नाहीत.

हे सगळं प्लग सॉकेटच्या बाहेर असताना करायचं. मग यवतच्या वायरमनला दाखव. सॉकेटच्या वरच्या भोकामागं खरंच अर्थिंग आहे का, तेही त्याच्याकडूनच तपासून घे. पुष्कळ घरांत ते भोक नुसतं शोभेला असतं. त्यानं तपासल्याशिवाय प्लग आत घालायचा नाही.

मला यायला जमणार नाही. कंपनीत शटडाऊनचं काम निघालंय.

बिरदेव


कारेगाव
गुरुवार, २३ सप्टेंबर २००४

आक्का,

प्रगतीचं उत्तर आलं. तू पत्र फाडलं नाहीस, इतकंच मला हवं होतं. तू ते शेवटपर्यंत ऐकलंस, असं तिनं लिहिलंय. ठीक आहे.

प्रगती, दुकानदारानं तुला दोन तारांची वायर दिली आणि "दिव्याला कशाला तीन तारा" म्हणाला, ती परत कर. घेत नसेल तर राहू दे त्याच्याकडं, पण ती दिव्याला लावू नकोस.

तू विचारलंस की वायरीत मधे जे बटन बसवायचं ते लाल तारेवर घ्यायचं की काळ्या. काळ्या तारेवर घेतलं तरी दिवा विझेलच, मग फरक काय? प्रश्न चांगला आहे. आयटीआयला आमच्या सरांनी हाच विचारला होता, आणि वर्गात उत्तर मी दिलं होतं.

दिवा विझतो, हे खरं. पण काळी तार तोडली तर वीज बाहेर जायची थांबते, आत यायची थांबत नाही. लाल तार दिव्यापर्यंत जिवंतच राहते. माणूस बघतो, दिवा विझलाय, बटन बंद आहे, आणि हात लावतो. आतली तार पत्र्याला कुठं खरचटलेली असेल तर सगळा पत्रा जिवंत असतो. लाल तारेवर बटन असेल तर बंद केल्यावर दिव्यात काही उरत नाही. म्हणून बटन लालवरच. आणि दोन पिनांचा प्लग कधी नको, कारण तो सुलटा बसतो तसा उलटाही बसतो. आज बटन लालवर असेल, उद्या रेडिओसाठी प्लग काढून परत घातला की तेच बटन काळ्यावर. घरातल्या बाईला ते कसं कळावं?

आणि एवढं सगळं बरोबर केलं तरी दिवा पुसताना, बल्ब बदलताना प्लग काढून ठेवायचा. बटनावर विसंबायचं नाही.

इथं कारेगावात एकेका चाळीत दहा-दहा खोल्या आहेत. बिहारची, ओरिसाची पोरं राहतात. दर गुरुवारी सुट्टीच्या दिवशी मी टेस्टर आणि पिशवी घेऊन फिरतो. कुणी बोलावलेलं नसतं. "भैया, लाइट तो ठीक जल रहा है," असं म्हणतात. मी म्हणतो, जलने दो, देखने दो. दोन पिनांचा प्लग दिसला की बदलतो, बटन उलट्या तारेवर असलं की सुलटं करतो. धनश्री, म्हणजे माझी बायको, म्हणते, हे कसलं वेड? आक्का, हे पुण्य नाही गं. मी पळतोय.

कंपनीत मला टेस्टर म्हणतात. पॅनलची मेन बंद असते, वर कुलूप असतं, किल्ली माझ्या खिशात असते, तरी मी तीन वेळा टेस्टर लावतो. कारण तारेला बोट लावायच्या आत कानाजवळ कुणीतरी विचारतं, "बंद हाय न्हवं?" आवाज सोपानदाजींचा असतो. भरदिवसा, मशिनींच्या आवाजात. मी मागं वळून बघतो. आजूबाजूचे हसायचे, आता हसतही नाहीत.

हे तुला का लिहिलं ते माहीत नाही. प्रगतीनं हा भाग मोठ्यानं वाचला असेल तर तिनं मला माफ करावं. दिवा तिनंच जोडावा, वायरमननं तपासावा. मी येत नाही. शटडाऊनचं गेल्या वेळी लिहिलं होतं, ते खोटं होतं.

बिरदेव


कारेगाव
गुरुवार, ७ ऑक्टोबर २००४

आक्का,

हे पत्र तू एकटीनं वाच. चौथीपर्यंत शिकलीस, तुला वाचता येतं. अक्षर मोठं काढलंय. प्रगतीला सांगायचं की नाही ते तू ठरव.

पितृपंधरवडा चालू आहे. या दोन-तीन दिवसांत दाजींची तिथी आहे. तू पान वाढशील. त्याच्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून लिहितो.

पंचाण्णव साली नागपंचमीला मी तुला माहेरी न्यायला आलो, तेव्हा तो दिवा आणला होता. चुलीपाशी अंधार पडतो, पीठ नीट दिसत नाही, असं तू म्हणाली होतीस. वायरिंगचा लोखंडी कंड्युट पाइप वाकवून दांडी केली, पत्र्याची टोपी केली, निळा रंग दिला. तुला फार आवडला. शेजारच्या मालनबाईंना बोलावून दाखवलास, माझ्या भावानं केलाय म्हणून.

त्या टोपीला वायरीसाठी भोक पाडलं त्याची कड धारदार राहिली होती. रबरी बुश माझ्या पिशवीत होतं. विसरलो म्हणालो तर सुटका होईल, पण मी विसरलो नव्हतो. कंटाळा केला. वायर दोन तारांची लावली, कारण ती शिल्लक होती. प्लग दोन पिनांचा लावला, तो तुमच्याच रेडिओचा जुना होता. लोकांच्या घरची कामं मी अशी करत नव्हतो. बहिणीचंच घर आहे, नंतर बघू, असं मनात आलं.

गौरीच्या सणाला आलो तेव्हा तू म्हणालीस, "बिरू, दिव्याला हात लागला की मुंग्या येत्यात." मी हसलो. ओल्या हातानं लावत जाऊ नको, पायात चप्पल घाल, म्हणालो. न्हावऱ्याला एका घराचं वायरिंग घेतलं होतं, गाडीला किक मारलेली होती. चार स्क्रू काढून बघायचं होतं फक्त. चार स्क्रू, आक्का.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो दिवस. घट बसायच्या आधीची घराची धुलाई चालली होती. मी तिथं नव्हतो. पण तू त्या दुपारी मला सांगितलंस ते माझ्या डोक्यात कोरलंय. फरशी तू नुकती धुतली होतीस. भिंतीवरची जळमटं काढून झाली होती. दाजींनी ओलं फडकं पिळलं, अनवाणीच होते. दिव्याकडं हात नेताना त्यांनी तुला विचारलं, "बंद हाय न्हवं?" तू म्हणालीस, "व्हय, आत्ताच केलं."

मी निमोण्याहून पोचेपर्यंत त्यांना दवाखान्यात नेऊन परत आणलं होतं. शेजाऱ्यांनी मेन पाडली होती. दिवा भिंतीवर तसाच होता आणि प्लगही तसाच होता. सगळे म्हणाले, बिरदेव जाणकार हाय, त्याला बघू द्या. स्वयंपाकघरात मी एकटा गेलो. मेन चालू करायला सांगितली आणि पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मग बटन बघितलं.

बटन बंद होतं.

तू बंद केलं होतंस, आक्का. तुझा हात चुकला नाही. बटन बंद होतं, आणि तरी दिव्याच्या पत्र्यात वीज होती. कारण प्लग उलटा बसल्यानं बटन काळ्या तारेवर गेलं होतं आणि आत लाल तार त्या धारदार भोकाला घासून उघडी पडली होती. हे मला तिथंच, उभ्या उभ्या कळलं. मेन परत पाडायला मी ओरडलो आणि मेन पडली. आणि मग मी अंगठ्यानं ते बटन चालूकडं सरकवलं.

का, असं तू विचारशील. मी सव्वीस वर्षांचा होतो, नुकतं लायसन मिळालं होतं. अटक होईल, गाव थुंकेल, असं सगळं डोक्यात आलं असेल. पण खरं सांगतो, त्या क्षणी एवढा विचारही नव्हता. ताट सांडल्यावर लेकरू ते पलंगाखाली सरकवतं, तसं झालं. हवालदार पंचनामा करायला आले. त्यांनी विचारलं, बटन कसं होतं? मी म्हणालो, चालू होतं. तू आतल्या खोलीतून बायकांच्या घोळक्यातून उठून आलीस आणि म्हणालीस, "मी बंद केलं हुतं. मी त्यास्नी सांगितलं बंद हाय म्हणून."

तेव्हा मी तुझ्याकडं बघून म्हणालो, "आक्का, चालूच हुतं. गडबडीत ऱ्हायलं आसंल."

तू माझ्याशी भांडली नाहीस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. तुला वाटलं, बिरू शिकलेला आहे, तो सांगतो तर तसंच असेल. तू तुझ्या उजव्या हाताकडं बघत राहिलीस आणि तुझ्या सासूबाई तुझ्याकडं बघत राहिल्या. पंचनाम्यात ते लिहिलं गेलं.

प्रगतीनं विचारलं होतं, आई आधीपासून अशीच होती का. नव्हती. माझी बहीण शंभर मेंढरं एका नजरेत मोजायची आणि पुन्हा मोजत नव्हती. तिनं घातलेली कडी घातलेलीच असायची. तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास त्या दिवशी मी काढून घेतला आणि नऊ वर्षं परत दिला नाही. भाऊबीजेला यायचं टाळलं, कारण तू ओवाळताना तुझा हात माझ्या तोंडासमोर आला असता.

हे पत्र मी धनश्रीला वाचायला दिलं. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. वाचून तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, पाकीट माझ्याकडं द्या, पेटीत मी टाकते, तुम्ही अर्ध्या वाटेतनं परत याल. म्हणून हे तुझ्यापर्यंत पोचेल.

बिरदेव


कारेगाव
गुरुवार, २८ ऑक्टोबर २००४

आक्का,

तीन आठवडे झाले. दसरा होऊन गेला. तू उत्तर द्यावंस असं म्हणायचा मला हक्क नाही. रोज गेटवर विचारतो, वॉचमन मान हलवतो.

प्रगतीचंही पत्र नाही, म्हणजे तू तिला सांगितलं असशील. तिचे वडील कशानं गेले ते तिला कळायलाच पाहिजे होतं. फक्त ते माझ्या तोंडून कळलं नाही. मी भित्रा आहे, हे तिला आता वेगळं सांगायला नको.

तू शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं, असं लिहिणार होतो. ते खोडलं. मला बरं वाटावं म्हणून तू काही करायची गरज नाही.

बिरदेव


कारेगाव
शुक्रवार, ५ नोव्हेंबर २००४

आक्का,

काल तुझ्यासमोर होतो आणि आज पुन्हा लिहितोय. कारण काल संध्याकाळी तुझ्याकडून निघाल्यावर जे केलं ते तुला कळवायचं आहे. आणि कालचं जे झालं तेही एकदा कागदावर उतरवून ठेवतो. माझ्या तोंडी शब्दावर तू विसंबावंस, अशी परिस्थिती मी ठेवलेली नाही.

तुझं कार्ड मंगळवारी आलं. दोनच ओळी होत्या. "गुरवारी ये. आत्यांच्या समोर बोल." खाली म्हाळसा. तुझं अक्षर मी लग्नाआधी पाहिलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच.

धनश्री सोबत येते म्हणाली, मी नको म्हणालो. शिरूरहून न्हावरं, तिथून पारगावचा पूल, चौफुला करत यवतला उतरलो. प्रगतीनं दार उघडलं. तिच्या हनुवटीला दाजींची खळी आहे. ती मला मामा म्हणाली नाही, "या" म्हणाली आणि बाजूला झाली.

स्वयंपाकघरात दोन चुली होत्या. दोन परातींत दोन वेगळी पिठं होती. मी बघतोय हे प्रगतीच्या लक्षात आलं. तिनं हळू आवाजात सांगितलं, की आजी आईच्या हातचं खात नाही, ती स्वतः लहान होती तेव्हापासून. हे मला माहीत नव्हतं, आक्का. दुरून मी कितीतरी वाईट गोष्टी मनात आणल्या होत्या, पण रोज दोन वेळचं हे असं काही असेल, असं कधी मनात आलं नाही.

तुझ्या सासूबाई, पार्वतीबाई, खाटेवर बसल्या होत्या. फार वाळल्या आहेत. तू मला बस म्हणाली नाहीस. भिंतीला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "लिव्हलंस तसं बोल. काय गाळू नगंस."

मी बोललो. भोकाची धार, बुश, प्लग, मुंग्या, टेस्टर, अंगठा. मधे प्रगतीनं तांब्या पुढं केला. मी पाणी घेतलं नाही.

मग पार्वतीबाईंनी एकच विचारलं. "म्हंजी हिनं बंद केलं हुतं?"

मी म्हणालो, "व्हय, आत्याबाई."

"आन् माझं लेकरू तुझ्यामुळं गेलं."

"व्हय."

त्यांनी आवाज चढवला नाही. पदर तोंडाला लावून बसल्या. आढ्याकडं बघत काहीतरी पुटपुटल्या, ते मला ऐकू आलं नाही, तुला आलं असेल. मग त्यांनी तुला हाक मारली. आजपासून माझी भाकर तुझ्या तव्यावर टाक, म्हणाल्या.

मला वाटलं तू रडशील. तू रडली नाहीस. म्हणालीस, "आज न्हाई, आत्या. आज माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलीस. पार्वतीबाईंनी मान हलवली. तुझा राग त्यांना कळला असावा. मलाही कळला.

ओट्यावर तू जे मला सांगितलंस, ते मी कालपासून एकशे एकदा मनात म्हटलं असेल. तू रस्त्याकडं बघत बोलत होतीस. तू म्हणालीस, "बटन बंद करताना टक असा आवाज आला हुता. त्यो मला नऊ वर्सं ऐकू येतोय. भाकरी थापताना येतोय, पाणी शेंदताना येतोय. लोकं म्हणायची चालू हुतं, तू म्हणालास चालू हुतं. मंग मला वाटायचं, आवाज आलाच नव्हता, मला भास हुतोय, माझं डोस्कं फिरलंय. कुणाला सांगितलं न्हाई. येडी म्हणतील आन् पोरगी काढून नेतील."

मी तुला म्हणालो, भास नव्हता. आवाज आला होता.

तू म्हणालीस, "ते आता मला ठावं झालं. तुझ्या तोंडनं ऐकायची गरज न्हाई ऱ्हायली."

प्रगतीनं तिचा दिवा जोडलाय, तोही मी पाहिला. तिनं मला हात लावू दिला नाही. दारातून दाखवला. हिरवी तार पत्र्याला आवळलेली, भोकाला बुश बसवलेलं, बटन लालवर. वायरमननं तपासून दिल्याचं तिनं सांगितलं. काम स्वच्छ आहे. मी तिच्याएवढा होतो तेव्हा माझं काम इतकं स्वच्छ नव्हतं.

मी निघताना तू थांब्यापर्यंत आलीस. एसटी दिसायला लागली तेव्हा म्हणालीस, "माझ्यासमोर बोललास. आत्यांसमोर बोललास. कागदावर काय हाय?"

मी एसटीत चढलो नाही. तू वळून गेलीस, ते तुला दिसलं नसेल. मी चौकीत गेलो. तिथं टेबलामागं एक तरुण ठाणे अंमलदार होते. माझं म्हणणं त्यांनी दोनदा ऐकलं. पंचाण्णवचे कागद शोधावे लागतील, मिळतील न मिळतील, आणि मिळाले तर पुढं काय होईल ते आत्ता सांगता येत नाही, म्हणाले. तुम्ही स्वतःविरुद्ध लिहून देताय, कळतंय ना, असंही विचारलं. मी म्हणालो, कळतंय. त्यांनी कोरा कागद दिला, बाहेरच्या बाकावर बसून मी अर्ज लिहिला. तो त्यांनी नोंदवून घेतला आणि प्रतीवर शिक्का मारून दिला.

पुढं बोलावतील तेव्हा मी जाईन. धनश्रीला सांगून ठेवलं आहे. कंपनीतही सांगितलं आहे. तुला मात्र कुठंही यायला लागणार नाही, तसं मी अर्जात लिहिलं आहे.

शिक्क्याची प्रत या पाकिटात आहे. ती तुझी आहे. ज्यांनी नऊ वर्षांत तुला बोल लावला त्यांना ती दाखव, नाहीतर पेटीत ठेव. माझी अक्षरं चौकीच्या बाकावर जरा वाकडी आली आहेत. प्रगतीला वाचायला अडचण पडू नये म्हणून दुसरा परिच्छेद इथं उतरवतो.

"दिनांक २० सप्टेंबर १९९५ रोजी मौजे यवत येथे माझे मेव्हणे सोपानराव यांचा विजेच्या दिव्याला हात लागून मृत्यू झाला. सदर दिवा मी तयार केला होता व तो सदोष होता. पंचनाम्याचे वेळी मी बटन चालू असल्याचे सांगितले, ते खोटे होते. माझी बहीण म्हाळसा हिने बटन बंद केले होते."

बिरदेव